शैला मॅडमची जळणाची यादी

सुनंदाताईंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हजेरीपट भरत बसलो होतो. "सर, शैला गेली," एवढंच त्या म्हणाल्या. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही. पलीकडून दवाखान्यातली कुठलीतरी ढकलगाडी फरशीवरून जात असल्याचा आवाज येत राहिला... गौरींचं विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. त्याच्या चार दिवस आधी मी अंबाजोगाईच्या त्याच दवाखान्यात शैला मॅडमना भेटून आलो होतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो एका हातानं बाजूला सारून त्यांनी मला विचारलं, "सर, बाहेर वारा कुठून आहे?" मी पश्चिमेकडून आहे म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि मास्क परत लावून घेतला. आमचं शेवटचं बोलणं ते तेवढंच.

शैला मॅडम आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मी भूगोलाचा. सतरा-अठरा वर्षं आम्ही एकाच व्हरांड्यात वावरलो, पण ओळख खऱ्या अर्थानं झाली ती गेल्या तीन वर्षांत. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बैलगाडी कारखान्याच्या वाटेला लागायची, आणि ही मुलगी मागे गावातल्या वसतिगृहात राहायची. लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीला, सुनंदाताईंना, वैधव्य आल्यावर आपल्या घरी आणलं आणि दोघी तिथंच राहिल्या. बोलायच्या कमी. वर्गात मुलं गडबड करायला लागली की हातातला खडू खाली ठेवून नुसत्या उभ्या राहायच्या. तेवढं पुरायचं.

पुण्यातल्या एका संस्थेला आम्लपावसाच्या अभ्यासासाठी आमच्या भागातली माहिती हवी होती. पावसाचं पाणी आंबट होतं ते हवेतल्या गंधकामुळं आणि नायट्रोजनच्या वायूंमुळं. ते हवेत कोण सोडतं, काय जाळून सोडतं आणि किती, याची यादी करायची होती. मोठ्या कारखान्यांचे आकडे कुठं ना कुठं कागदावर सापडतात. छोट्यांचे कोणीच ठेवत नाही. वीटभट्ट्या, गुऱ्हाळं, ढाबे, रस्त्यावरचे ट्रक, यांच्यापाशी स्वतः जाऊनच विचारावं लागतं. ते काम मॅडमनी घेतलं आणि नकाशासाठी मला सोबत घेतलं. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर फायलींची पिशवी घेऊन त्या अर्धा जिल्हा फिरल्या. मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर आम्ही दिवसभर ट्रक मोजत बसलो, तर मालकाला वाटलं आम्ही आरटीओची माणसं. त्यानं आमच्या चहाचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. मॅडमनी पैसे गल्ल्यावर ठेवले आणि त्याच्याच भट्टीत रोज किती कोळसा लागतो ते विचारून लिहून घेतलं. त्या दिवशी त्या हसल्याचं मला आठवतं. नंतरचं काम हसण्यासारखं राहिलं नाही.

भट्ट्यांचं खरं रूप आम्हाला दुसऱ्या हंगामात दिसलं. मालक सांगायचे, कोळसा आणि भुसा. पण भट्टीमागं जुन्या टायरांचे ढीग असायचे, वर ताडपत्री झाकलेली. टायर जळायला लागले की धूर वर चढत नाही, रांगत येतो. जवळच्या कडुलिंबाची एका बाजूची पानं कडेनं जळाल्यासारखी झालेली होती, दुसऱ्या बाजूची हिरवी. विटा थापणारी एक बाई म्हणाली, "पाऊस भुरभुरला की डोळे लई झोंबत्यात, बाई. पहिलं असं न्हवतं." मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. गाडीवर बसताना मला म्हणाल्या, "हे कुठल्या रकान्यात घालायचं?"

पाऊस मात्र बाटलीत आंबट येत नव्हता. कॉलेजच्या गच्चीवर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी त्या दर वेळी तपासायच्या आणि दर वेळी ते बरं निघायचं. मला हायसं वाटलं. तसं म्हणालो तर त्या म्हणाल्या, "आपल्या मातीत चुना आहे, सर. तिचीच धूळ हवेत उडते आणि आम्ल मारून टाकते. पाऊस चांगला नाहीये, धुळीनं त्याला झाकलंय." मग म्हणाल्या, "झाकण पुरतंय तोवर पुरतंय." तो विचार माझ्या डोक्यातून नंतर गेला नाही. उन्हाळ्यात गाडीवर तोंडात धूळ गेली की मी आधी वैतागायचो. नंतर वैतागेनासा झालो.

आता जे लिहितो ते मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही. घाटनांदूरच्या रस्त्याला आत एक भट्टी आहे, ती माझ्या मेहुण्याची, बालाजीची. आमच्या यादीत तिचा नंबर बावीस. त्या बाजूच्या भट्ट्या मी एकट्यानं बघायच्या असं ठरलं होतं. मी गेलो तेव्हा बालाजी खाटेवर बसला होता. मागं टायर रचलेले स्पष्ट दिसत होते. म्हणाला, "दाजी, आमचं नाव कावून टाकता? टायर काय मी एकलाच जाळतो? सगळेच जाळत्यात." मी चहा घेतला. घरी येऊन फॉर्ममध्ये बावीस नंबरपुढं 'बंद' असं लिहिलं.

पंधरा-वीस दिवसांनी मॅडम परळीहून कोळशाच्या व्यापाऱ्यांची माहिती घेऊन एसटीनं परत येत होत्या. त्यांना खिडकीतून धूर दिसला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, "सर, बावीस नंबर बंद आहे ना?" मी हो म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या आणि तास घ्यायला निघून गेल्या. तो विषय तिथंच मिटला असं मी धरून चाललो... पण एका संध्याकाळी बायको म्हणाली, "तुमच्या कॉलेजातली बाई आमच्या बाळूच्या भट्टीवर बसून असते म्हणं. तीन दिवस झालं." भट्टी पेटल्यापासून किती टायर आत जातात ते मोजायचं तर तिथं बसावंच लागतं, हे मला माहीत होतं. एसटी फाट्यावर सोडते. तिथून त्या उन्हातून चालत जायच्या. विटा थापणाऱ्या बायकांच्या झोपडीसमोर बसायच्या आणि वारा फिरला की सगळा धूर त्याच झोपड्यांवर यायचा. तोंडाला फक्त पदर.

त्या आठवड्यात त्यांचा आवाज बसला. तक्ता पूर्ण होऊन माझ्यापुढं आला तेव्हा बावीस नंबरच्या ओळीत 'बंद' खोडून 'चालू' लिहिलेलं होतं, पुढं जळणाचा सगळा तपशील. माहिती घेणाऱ्याच्या जागी माझं नाव खोडलं नव्हतं. त्याच्याशेजारी स्वतःचं लिहिलं होतं. मी म्हणालो, "मॅडम, तो माझा मेहुणा आहे." त्या तक्त्याकडंच बघत होत्या. "माहीत होतं मला. म्हणूनच मी गेले. तुम्हाला परत तिथं जायला लागू नये म्हणून."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

यादीत कुणाचं नाव छापलं जाणार नव्हतं, पण गावात गोष्टी पोचतात. जूनमध्ये बालाजी दोन माणसं घेऊन कॉलेजच्या फाटकाशी आला. मॅडम आणि मी सोबतच बाहेर पडत होतो. तो माझ्याकडं बघायलाही तयार नव्हता. अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचे मायबाप पण ऊस तोडायला जायचे म्हणं. मग गरिबाच्या पोटावर कावून उठता?" त्याच्या आवाजात धमकी नव्हती आणि त्यामुळंच मला भीती वाटली. सोबतची दोघं मॅडमच्या पिशवीकडं बघत होती. मॅडम एरवी पुस्तकी बोलायच्या, त्या दिवशी एकदम घरचं बोलल्या. "तुमच्या भट्टीवर विटा थापणाऱ्या बाया पण ऊसतोडीच्याच घरच्या हायत, बालाजी. त्यांची लेकरं रातभर खोकत्यात. तुमी कधी ऐकलं न्हाई?" बालाजीनं खाली बघितलं. मग म्हणाला, "संभाळून राहा," आणि गाडीत बसून गेला. मी मॅडम आणि बालाजीच्या मधे नुसता उभा होतो.

पावसाळा लागला आणि त्यांचा खोकला थांबेना. आधी दमा म्हणाले, मग न्यूमोनिया, मग फुफ्फुसात आधीपासूनच काहीतरी असेल असं म्हणाले. लातूरला नेलं, परत आणलं. नक्की कशानं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि सुनंदाताईंनीही विचारलं नाही. मला विचारायचं होतं. तीन दिवसांच्या धुरानं असं होतं का, एवढाच प्रश्न होता. तो मी अजून कुणाला विचारलेला नाही. उत्तर काहीही आलं तरी मला ते नको आहे.

परवा, दीड महिन्यानं, सुनंदाताईंनी मला कागदपत्रं न्यायला घरी बोलावलं. बालाजीच्या मोठ्या मुलाची सोयरीक जुळवायची म्हणून बायको माहेरी गेली होती. मी एकटाच गेलो. मॅडमची खोली लहान आहे. टेबल, लोखंडी कपाट, खाट. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर चिनी मातीची एक पांढरी बशी ठेवलेली. सुनंदाताई म्हणाल्या, "रोज सकाळी ती या बशीत काय पडलंय ते बघायची आणि मला धुवायला द्यायची. वर्षानुवर्षं. ती गेल्यापासून मी हात लावला नाही." बशीवर धुळीचा थर होता. मी बोट फिरवलं. वरची माती आपल्या रानातली, पिवळट. बोटाला मात्र काळं लागलं, तेलकट, चोळलं तरी न जाणारं.

भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात. दिवाळी अजून व्हायची होती. आसपासच्या एकाही भट्टीत त्या दिवसांत विस्तव नव्हता, हे मला खात्रीनं ठाऊक होतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर घरं, त्यामागं टेकाड, वर नुसतं आभाळ. धूर कुठंच दिसत नव्हता.

"धुवू का ही, सर?" सुनंदाताईंनी विचारलं.

मी राहू द्या म्हणालो. त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. बशीतलं सगळं त्यात झाडून घेतलं, पुडी बांधली, वर तारीख घातली. मॅडमच्या खुर्चीवर बसून कपाटातला एक कोरा फॉर्म काढला. उगम या शब्दापुढं 'माहीत नाही' असं लिहिलं. माहिती घेणाऱ्याच्या जागी या वेळी एकच नाव लिहायचं होतं, माझं... ते लिहायला मला बराच वेळ लागला.