दृष्टीला वाट: मुरुम ते सोनारी, चाकावरच्या घरातली शेगडी

थंडीत गाडीतलं घर घेऊन निघणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माझ्या नातीनं तसली गाडी भाड्यानं ठरवलीय. आत पलंग, मोरी, चूल, आणि बटण दाबलं की गरम हवा. फोटो दाखवत म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं." मी म्हटलं, "बस, लिहून घे." मला अक्षर येत नाही, तिला शेगडी येत नाही. दोघींचं मिळून हे झालंय.

निजाम जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती आणि गावोगाव सडका निघत होत्या. आमचे मालक, म्हणजे नातीचे आजोबा, एका गुत्तेदाराकडं ट्रक चालवायचे. गुत्तेदार म्हणजे सडकेचं काम घेणारा. त्याचा एक ट्रक लष्करातून मोडीत निघालेला. त्याच्या पाठीवर सुतारानं फळ्यांची खोली उभी केली होती. एक दार, दोन झडपा, वर पत्रा. कामावरचा साहेब तिच्यात राहायचा. मुरुमचं काम संपलं, परांड्याकडं नवं निघालं. साहेब एसटीनं पुढं गेला आणि रिकामी खोली पोचवायचं काम आमच्या मालकांवर आलं.

परांड्याच्या पलीकडं सोनारी. तिथला काळभैरव आमचं कुलदैवत. माझी लेक तेव्हा सव्वा महिन्याची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मालकांचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, "आमीबी येणार. नवस हाय."

पौषाची थंडी, वर तान्हं मूल. पण नवस साधा नव्हता. दोन वर्षांमागं अशाच थंडीत माझा पहिला मुलगा बारा दिवसांचा होऊन छाती भरून गेला. त्याला वारं लागलं, असं आत्याबाईंच्या मनानं घेतलं होतं. पुढचं मूल दोन महिन्यांच्या आत देवाच्या पायावर घालीन, असं त्या बोलल्या होत्या. हेही मूल हातचं गेलं तर, हे आम्ही दोघींनी कधी तोंडानं म्हटलं नाही. पण दोघी तेच धरून गाडीत चढलो.

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी असते, वर ओवा-शेपा टाकतात, हे घरात ठीक. ट्रकात काय करायचं? मालकांनी पाटीत वाळू भरली, वाळूत शेगडी रोवली आणि पाटी चारी बाजूंनी तारेनं फळीला आवळली. खड्ड्यात गाडी आपटली तरी निखारा सांडत नव्हता. चांगलं काम होतं. त्यांचं चांगलं असलं की मीही चांगलं म्हणते. तशी वेळ कमी येते, एवढंच.

बाकीची तयारी आत्याबाईंची. त्यांनी जुन्या लुगड्याचे बोळे केले आणि फळीफळीच्या फटीत कोंबले. झडपा शेणामातीनं लिंपल्या. मुंगीला आत यायचं तर दार वाजवावं लागलं असतं.

पहिला दिवस, मुरुम ते तुळजापूर. सडक कुठं होती, कुठं होणार होती. तासाभरात माझं डोकं ठणकायला लागलं. आत्याबाईंना मळमळ. नळदुर्गाला नदीकाठी उतरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला, तर दोघी टवटवीत. आत्याबाई म्हणाल्या, "नळदुर्गाचं पाणीच चांगलं." पुन्हा आत बसलो, पुन्हा डोकं.

तुळजापूर दिसेस्तोवर त्यांनी रोग ओळखला. "दृष्ट! निघताना सारी गल्ली बघाय आलती."

मीठ, मोहरी, मिरच्या लेकीवरून ओवाळून बंद खोलीत त्याच शेगडीवर टाकल्या. काय झालं असेल ते ओळखा. गाडी थांबवून मालकांनी दार उघडलं आणि तिथंच सात शिंका दिल्या. मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट, हे शास्त्र मलाही माहीत होतं. म्हटलं, "आत्याबाई, ठसका लागला की. म्हणजे दृष्ट न्हवती."

"व्हती. गेली म्हणून ठसका लागला."



तुळजापुरात धर्मशाळेत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गारठली. हँडल मारून मालकांचा खांदा गेला. मी लेकीच्या आंघोळीला घागरभर पाणी तापवलेलं, तर म्हणतात, "ते इकडं दे, गाडीत वतायचंय."

"अहो, पोरगी आधी का गाडी आधी?"

"गाडी निघाली न्हाय तर पोरगी इथंच मोठी व्हईल."

"मग गाडीलाच वारं लागलं असंल," मी म्हटलं. "दोन-चार बोळे कोंबा."

आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी घागर मुकाट्यानं दिली. गाडीची आंघोळ झाली, गाडी निघाली. पोरीचं नुसतं तोंड पुसलं.

धाराशिवात चहा घेतला, बाभळीचा कोळसा घेतला. कोळसा घ्यायचा तर बाभळीचा, टिकतो. येडशीचा घाट चढताना गारवा वाढला तशी आत्याबाईंनी शेगडी शिगोशीग भरली. माझं डोकं फुटायला आलं. दार उघडलं की बरं वाटतं आणि लावलं की बिघडतं, एवढं माझ्या अडाणी डोक्यात शिरलं होतं. मी उशापासचा एक बोळा अंगठ्यानं हळूच ढकलला. थोड्या वेळानं बघते तर परत जागेवर.

"बोळा कसा पडला गं?"

"उंदीर असंल."

"चालत्या गाडीत?"

"सोनारीला निघाला असंल. त्यालाबी नवस असंल की."

येरमाळा मागं पडलं तेव्हा मात्र मस्करी संपली. लेकीला पाजायला घेतलं, तर ती ओढीना. मान लुळी. चिमटा काढला तरी रडली नाही. मी म्हटलं, "दार उघडा."

"वारं लागंल!" आत्याबाई दाराच्या कडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांचाही आवाज जड झाला होता. "मोहरी काढ. अजून दृष्ट हाय."

उठून कडी ओढावी, तर माझे पाय उचलेनात. भांडण करायला वेळ नव्हता आणि त्यांच्याशी भांडून आजवर कोण जिंकलंय? मी म्हटलं, "आत्याबाई, दृष्ट काढली खरी, पण तिला जायला वाट कुठं ठेवली? सगळ्या फटी बुजवल्या. कालपासनं ती आतच कोंडलीय. पोरीच्या उरावर बसलीय."

त्यांचा कडीवरचा हात सुटला. मग दोन्ही हातांनी बोळे उपटायला लागल्या. मी लाटण्यानं फळी बडवली, गाडी थांबली. आत्याबाईंनीच कडी काढली, लेकीला उचललं आणि खाली उतरल्या. वाऱ्याला जन्मभर भ्यालेली ती बाई माळावर उभी राहून पोरीचं तोंड वाऱ्याकडं करून म्हणत होती, "घे माझे बाई, घे."

मालक टोपी काढून उभे. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग लेकीनं तोंड वेडंवाकडं केलं, निळी-लाल झाली आणि अशी भोकाड पसरली की बाजूच्या हरभऱ्यातली पाखरं उडाली. आत्याबाई खाली बसल्या.

"गेली," त्या म्हणाल्या. "म्या बघितली जाताना."

पुढं काय केलं ते नीट ऐका, कामाचं आहे. मालकांनी फळीला दोन भोकं पाडली, एक खाली जमिनीलगत आणि एक वर पत्र्याखाली. कोळसा बाहेर फुलवायचा, लाल झाल्यावर आत आणायचा, तोही शेकापुरता आणि दार किलकिलं ठेवून. शेक झाला की शेगडी बाहेर. लाल निखाऱ्याला धूर दिसत नाही, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका. तोच जास्त लबाड. त्या दिवशी वाशीत मुक्काम केला, तेव्हा शेगडी अंगणात आणि बाजेवर तापल्या विटा, गोणपाटात गुंडाळलेल्या. सकाळपर्यंत ऊब. डोकं हलकं. आत्याबाईसुद्धा घोरल्या, मी सांगितलं तर म्हणाल्या, गाडी घोरत होती.

तिसऱ्या दिवशी भूम, परांडा करत सोनारी गाठली. लेक देवाच्या पायावर घातली. तिनं तिथंही आवाज लावला, आणि आम्हाला तो लई गोड लागला. बाहेर येऊन बघतो तर सोनारीची माकडं गाडीवर. उरलेसुरले बोळे त्यांनी फटीतून उपटून देवळाच्या भिंतीवर वाळत घातल्यासारखे पसरले होते. आत्याबाई मात्र पायऱ्यांवर बसलेल्या बायकांना सांगत होत्या, "दृष्टीला वाट ठेवावी लागती. हे कुणाला ठाव नसतंय. म्या ओळखलं." मी मान डोलवत होते. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी देवाकडं बघितलं.

खोली साहेबाच्या हवाली करून एसटीनं मुरुमला परतलो. तीच लेक पुढं या लिहून घेणारीची आई झाली. नातीला एवढंच सांगते: बटण दाब, ऊब घे, पण खिडकी बोटभर उघडी ठेव. आणि डोकं जड झालं तर मोहरी शोधू नकोस, आधी दार उघड.

परतल्यावर चार दिवसांनी सकाळी चुलीपाशी गेले, तर आत्याबाई उतरंडीशेजारी पाटावर उभ्या आणि खुरप्यानं भिंतीला वर भोक पाडतायत. मला राहवलं नाही. "आत्याबाई, इथं कुणाची दृष्ट?"

"तुझी." खुरपं थांबलं नाही. "उंदीर म्हणं. तुझा अंगठा काजळीनं काळा झालता, मला दिसत न्हवतं व्हय?"

मी अंगठा पदराआड घेतला.

"तू नुसतं धूर म्हणली असतीस, तर म्या काय ऐकलं नसतं," त्या म्हणाल्या. मातीचा ढेपसा खाली पडला आणि चुलीवर उजेड आला. "आता बघत काय उभी राहिलीस? पोरीला आण हिकडं. इथं ऊब हाय."