शिंगं साळलेली पाकटांची जोडी

कुडाळला गाडीत चढताना मला कोणीतरी अडवायला हवं होतं. समुद्राकडे पाठ फिरवून, दोन गाड्या बदलून मी हिंगोली जिल्ह्यात निघाले होते, आणि तेही मासे पाहायला.

आखाडा बाळापूरच्या एका शाळेत वाळवलेले दोन डेव्हिल रे आहेत. पाकटाच्या कुळातले हे चपटे मासे, तोंडापुढे शिंगांसारखे दोन पर. विज्ञानाच्या जुन्या मास्तरांनी ते मालवणच्या सहलीत एकाच होडीतून घेतले होते. यांच्या दोन जाती इतक्या सारख्या की भलेभले फसतात. एकीची शिंगं आखूड, दुसरीची लांब. दोन्ही आमच्याकडे एकत्र सापडत, असं मी प्रबंधात लिहून बसले होते आणि पुरावा काय तो एवढाच.

हिंगोलीच्या स्टँडवर एसटी तासभर लागेना. लागली ती हळदीच्या ट्रॅक्टरांमागे रांगत गेली. शाळेत पोचेपर्यंत माझं डोकं उठलं होतं.

कपाट उघडलं. दोन्ही पाकटांची शिंगं एका मापाची, वर हिंगूळ (बैलांच्या शिंगांना लावतात तो तांबडा रंग) फासलेला. शाळेचे शिपाई विश्वनाथमामा कौतुकाची वाट बघत शेजारी उभे होते. पाहुण्या येणार म्हणून झाडपूस करताना त्यांनीच कानस चालवली होती.

“पण का केलंत, मामा?”

“जोडीत एकाचीच शिंगं मोठी बरी दिसतात व्हय? पोळ्याला आमी साळतोच न्हाई का.”

संतापानं रडू फुटलं. नको ते बोलले. त्यांनी पुढे केलेला पिठलं-भाकरीचा डबासुद्धा परत सरकवला.

मामांनी डबा बाकावर ठेवला. मग म्हणाले, “शिंगं साळली म्हणून मालकाला बैल वळखू येत न्हाई का, मॅडम? लांब शिंगाचा हा डावा. याचं तोंड लांब हाय, त्याचं बसकं.”

मी पट्टी लावली. फरक स्पष्ट होता. डोक्याची लांबी हेही या जातींचं लक्षण आहे, हे मी वर्षानुवर्षं इतरांना शिकवत आले आहे. रागात मला ते आठवलंही नाही.

परतीच्या गाडीत नोंदवही उघडली. ‘जात कोणी ओळखली’ या रकान्यात सवयीनं माझं नाव लिहिलं, खोडलं आणि मामांचं लिहायला घेतलं. त्यांचं आडनाव विचारायचंच राहिलं होतं. म्हणजे आता पुन्हा त्या ट्रॅक्टरांमागे रांगणं आलं, आणि या खेपेला डबा परत सरकवायचा नाही.