इंजिनाला दुसरं माणूस लागतं

तुमच्यातले अर्धे जण विमान काखेत मारून मैदानात यायचे आणि इंधनाची बाटली घरी विसरायचे. तेव्हा मी कोण, हे तुमच्या लक्षात असेल असं मी धरून चालत नाही. मी बाय. कोळीवाड्यातली बोंबीलवाली. तुम्ही इंजिन चालू करताना विमानाचं शेपूट धरून उकिडवी बसायची, तीच. आपल्या सर्वांचे गुरू श्री. दत्ताराम परब यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून या ग्रंथासाठी तुमच्यातल्याच मिलिंदने माझ्याकडे दोन पानं मागितली. मला अक्षर येत नाही, हे तोही विसरला. मी बोलते आहे, सून लिहिते आहे. चुका तिच्या, खोड्या माझ्या.

परबभाऊंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. अंधेरीला खाडीकाठी आमचं मासळी सुकवायचं मैदान. बांबू रोवून दोऱ्या बांधलेल्या, त्यावर मी बोंबील घातलेले. पलीकडच्या मोकळ्या जागेत हे गृहस्थ दोन बारीक तारांच्या टोकाला विमान बांधून, मधे उभे राहून, ते स्वतःभोवती गरगर फिरवत होते. तार तुटली आणि विमान थेट माझ्या बोंबलांत. दोरी गेली, माल मातीत, आणि वर तेलाचा शिडकावा. वास घेतला तर एरंडेल!

"ओ विमानवाले, माझ्या बोंबलांना जुलाब देताय काय?"

"चूक झाली, बाय. इंधनात घालावं लागतं ते. नाहीतर इंजिन आतून घासतं."

"तुमचं इंजिन राहील, माझं गिऱ्हाईक जाईल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवी दोरी घेऊन हजर. तुटली होती एक, ताणून दिली सगळी रांग. कुर्ल्याच्या कारखान्यात फिटर होते; गाठ अशी मारली की आमच्या घरच्या तांडेलाने, म्हणजे बोट हाकणाऱ्या माझ्या नवऱ्याने, ती दोनदा ओढून पाहिली आणि मान डोलावली. मला मात्र वेगळंच दिसलं होतं. विमान घोंघावत होतं तोवर एकही कावळा मासळीवर उतरला नव्हता. मी म्हटलं, "भाऊ, उद्या पण या." आमचा स्नेह असा माझ्या स्वार्थातून सुरू झाला, हे नमूद करून ठेवावं.

भाऊ शिकवताना कधी आवाज चढवत नसत. मिलिंद कॉलेजात होता तेव्हा विमानाच्या फिरत्या पंख्याजवळ बोट नेऊन ऐट दाखवत होता. भाऊंनी माझ्या टोपलीतला एक सुका बोंबील उचलला आणि पंख्यात धरला. तुकडे मिलिंदच्या चष्म्यावर. भाऊ म्हणाले, "हे तुझं बोट. आता काठी घे." त्या दिवसापासून तुम्ही सगळे पंखा फिरवायला काठी वापरता. बोंबील माझा गेला, नाव भाऊंचं झालं.

आता जे सांगणार आहे, ते तुमच्यापैकी फार जणांना ठाऊक नसेल. माझ्या नवऱ्याला झटका आला आणि त्याची वाचा गेली. आयुष्यभर बोटीच्या इंजिनावर कान ठेवून जगलेला माणूस, खाटेवर पडून भिंत बघायचा. भाऊंनी पुढच्या रविवारपासून आपली जागा बदलली. आमच्या खिडकीला आवाज पोचेल अशा बेताने ते विमान उडवायला लागले. नंतर हात पुसत दारात यायचे. "काय तांडेल, आज कसं होतं?" तांडेल पंजा हलवायचा: ठीकठीक. मग भाऊ इंजिनाचा स्क्रू जरा पिळायचे, पुन्हा उडवायचे, पुन्हा यायचे. ज्या रविवारी पंजा घट्ट मिटून अंगठा वर व्हायचा, त्या रविवारी माझा नवरा पोटभर जेवायचा. तो गेला त्या आठवड्यापर्यंत हे चाललं. भाऊंनी याचा कधी उच्चार केला नाही. म्हणून मी करते.

आता मिलिंदच्या बेताकडे येते. समारंभात तुम्ही भाऊंना विजेवरचं, रिमोटचं विमान भेट देणार आहात आणि त्यांचं जुनं इंजिन काचेच्या पेटीत ठेवणार आहात, असं कळलं. हेतू चांगला. तेलाची कटकट नाही, बोटाला धोका नाही. भाऊंनी हो म्हटलं, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही.

गेल्या महिन्यात मिलिंदने तसं एक विमान त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः फोनवर बोलत लांब गेला. विमान वर गेलं, पांढऱ्या आभाळात मिसळलं. भाऊ मान वर करून उभे. मग हळूच म्हणाले, "बाय, कुठे आहे गं?"

"अहो, डोक्यावर. उजवीकडे चाललंय."

"आवाजच येत नाही मेल्याला."

"थोडं डावीकडे घ्या. आणखी. आता खाली."

मी बोलत गेले, ते उतरवत गेले. मिलिंद परत आला, "झकास लँडिंग, सर!" म्हणाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

त्यांचा डावा डोळा गेला आहे आणि उजवा अंधूक आहे. हे छापू का, असं मी विचारलं. म्हणाले, "छाप, पण आंधळा म्हणू नकोस." तर ते आंधळे नाहीत. तारेवरचं विमान त्यांना हाताने कळतं आणि कानाने दिसतं. चढताना इंजिन दमतं, उतरताना मोकळं सुटतं. टाकी संपत आली की आवाज बारीक होऊन वर चढतो, तेवढ्यात ते जमिनीलगत येतात. विजेचं विमान चांगलं असेल, पण ते काही सांगत नाही. ते इंजिन पेटीत गेलं, तर भाऊ त्या दिवसापासून घरी बसतील आणि कारण कुणाला सांगणार नाहीत.

आणखी एक. तुमचं ते विमान एकटा माणूस उडवतो. भाऊंच्या इंजिनाला दुसरं माणूस लागतं. ते पंखा फिरवून मधे जाऊन तारांची मूठ हातात घेईपर्यंत कुणीतरी शेपूट धरून बसायला हवं, आणि त्यांनी हात वर केला की सोडायला हवं. इतकी वर्षं ते माणूस मी होते. आता माझे गुडघे वाकत नाहीत. तीन रविवार इंजिन पिशवीतच आहे. भाऊ म्हणतात, वारा बरोबर नाही. वारा चांगला आहे.

तेव्हा काचेची पेटी नको, विजेचं विमान नको. तुम्ही इतके जण आहात, दर रविवारी एकाने या आणि उकिडवे बसा. मी बाजूला खुर्चीवर बसून तुमच्या चुका काढीन.

परबभाऊंचे कान, हात आणि राहिलेला डोळा एकवीरा आई खूप वर्षं शाबूत ठेवो. आणि समारंभाला पेढ्यांचे बॉक्स पाठवू नका, त्यांना साखर आहे. दर रविवारी शेपूट धरायची ज्याची पाळी असेल त्याच्या घरून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ येऊ द्या, भाऊ मालवणचे आहेत. रस्सा जास्त ठेवा, मला दात नाहीत. आणि तिघांना पुरेल एवढं पाठवा.