धोंडीची बेंडकी

आमचं घर मारकुटं होतं. बाबा बैलांना मारत, माय मला मारी, मी माझ्या चुलतभावाला मारी आणि तो ज्याच्यापर्यंत हात पोचेल त्याला मारी. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कामरगावच्या अलीकडे आमचं लहानसं खेडं होतं आणि गावात आमच्या घराची ओळख साप मारणाऱ्याचं घर अशी होती. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या कुडात काही सळसळलं की बाबांना हाक येई. दारामागे बैलगाडीची एक जुनी उभारी ठेवलेली असे. तो दांडका घेऊन बाबा निघाले की हातातला घास टाकून मी मागे पळायची. मला ते बघायला आवडायचं. खोटं कशाला सांगू?

ती आवड गेली एका धामणीमुळे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. बाबा शेताचा बांध खणत होते आणि बिळातून धामण बाहेर आली. धामणीला विष नसतं, ती उंदीर खाते, हे बाबांनाही ठाऊक होतं. पण आमच्याकडे तिचा गुन्हा वेगळाच सांगत. ती गाईच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि दूध पिऊन टाकते. दूध पिताना तिला पाहिलेलं कुणी मला आजवर भेटलेलं नाही. बाबांनी पहिला घाव तिच्या कमरेवर घातला. मागचं अंग लुळं पडलं, तरी पुढचं अर्धं अंग ती ओढत राहिली, आणि तेही आमच्यापासून लांब नाही, तर परत त्याच बिळाकडे. बाबांनी आणखी सात-आठ घाव घातले आणि कुदळीला चिकटलेलं मातीला पुसलं. बिळात पांढरी, लांबट अंडी होती. ती त्यांनी टाचेखाली चिरडली. एक बाजूला घरंगळलं होतं, ते मी परकराच्या ओच्यात लपवलं.

अंडं मी घरी ज्वारीच्या कणगीत ठेवलं. ऊब मिळेल, पिल्लू निघेल, ते मी पाळीन, असा माझा हिशेब. तिसऱ्या दिवशी ज्वारी काढताना मायच्या हाताला ते लागलं.

"अवदसे, जवारीत सापाचं अंडं ठेवते? आमाले खाऊ घालतं काय?"

तिनं ते चुलीत टाकलं. फट् असा आवाज झाला, मग एक घाण वास सुटला. नंतर त्याच चुलीतलं जळतं लाकूड घेऊन ती माझ्यामागे धावली. पोटरीवरचा डाग अजून आहे.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. आपण एक जीव पाळायचा, सरपटणारा नाहीतर उड्या मारणारा, आणि तो आपल्यासमोर कुणी मारायचा नाही. गाय-वासरू मला नको होतं, त्यांना तर आमच्या घरात रोजच मार होता. मला असा जीव हवा होता की ज्याच्यावर कुणाचा हात उठणार नाही. माझ्या घरात असा एक तरी जीव असावा, एवढंच.

पहिल्यांदा मी सरडा धरला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. माझ्या सरड्याची धाव टोपल्याखालून अंगणापर्यंत झाली. अंगणात चुलतभाऊ होता. तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, आणि सरडा दिसला की दगड उचलायचा हे आमच्या गावच्या पोरांना शिकवावं लागत नसे. सरडा मान हलवतो म्हणजे आपल्याला चिडवतो, अशी त्यांची समजूत. तीन दगडांत काम झालं. मी त्याच्या दंडाला चावले, त्यानं माझे केस उपटले, आणि मग आम्हा दोघांचीही पाठ बाबांनी शेकली.

महिन्यातून एकदा कारंजाहून एक कल्हईवाले चाचा यायचे. लिंबाखाली भट्टी लावून गावभरची भांडी चकचकीत करून द्यायचे. भाता ओढायला ते मला बसवत, कारण माझ्या अंगात रग होती. त्यांना मी विचारलं, चाचा, काय पाळू? घोरपड पाळू का?

"घोरपड को लोग खा जाते, बेटी."

"कासव?"

"कछुआ कुएँ का होता. कुएँवाले झगडेंगे."

मग भांड्यावर नवसागर टाकत, धुरात डोळे बारीक करत ते म्हणाले, "मेंढक पाल. उसको कोई नहीं मारता."

मला ते पटलं. खरंच बेंडूक कुणी मारत नसे. बेंडूक मारला तर पाऊस पळतो, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. चुलतभावानंसुद्धा बेंडकावर कधी दगड उचललेला मी पाहिला नव्हता.

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट चाले. मोटेचं पाणी ज्या दगडी हौदात पडे त्या थारोळ्याच्या कडेला बेंडूक बसत. तीन दिवस मी नुसती बघत होते. बारके बेंडूक गळ्याचे फुगे काढून बोंबलत. त्यांच्यातलं एखादं घरी नेलं असतं तर रात्रभर डराव डराव, आणि मायनं पहिल्याच रात्री त्याला झाडूनं बाहेर काढलं असतं. एक मात्र मोठी होती, तळहातात न मावणारी, पाठीवर पिवळी रेघ, आणि तोंडातून चकार शब्द नाही. ती मी निवडली. गप्प राहील, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही, म्हणून निवडली. बेंडकांत ओरडतो तो नर, मादी डराव डराव करत नाही, हे मला पुढे शाळेत मास्तरीण झाल्यावर, मुलांना शिकवायची वेळ आली तेव्हा कळलं. निवडताना मात्र मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

न्हाणीच्या मागे एक फुटका रांजण होता. तो अर्धा मातीत पुरून मी तिला त्यात ठेवलं. आधी ज्वारीच्या कण्या शिजवून घातल्या. ती ढुंकूनही बघेना. दोन दिवस मी रडले, तिसऱ्या दिवशी एक नाकतोडा चुकून रांजणात पडला आणि जिभेचा फटकारा मला दिसलासुद्धा नाही, नाकतोडा तेवढा नाहीसा झाला. हलेल तेच ती खाते, मेलेलं तिला दिसतच नाही, हे असं कळलं. मग मी नाकतोडे, झुरळं, उधई वेचत हिंडू लागले. उन्हात तिची कातडी सुकते म्हणून मी रांजणावर ओलं गोणपाट टाकायची. माय त्यावर हसायची.

"पाहा व बाई, बेंडकीले झाली सर्दी!"

पण हसायची, मारायची नाही. बाबांनी एकदा रांजणात डोकावून पाहिलं आणि बैलांकडे निघून गेले. माझा जीव भांड्यात पडला.

त्या साली मृग कोरडा गेला. मागोमाग आर्द्राही कोरड्या. धुळीत पेरलेलं बियाणं मुंग्यांनी नेलं, थारोळ्याच्या काठावरचं शेवाळ वाळून पापड झालं आणि बेंडूक सगळे जमिनीत खोल गेले. मग गावानं ठरवलं, धोंडी काढायची. म्हणजे मुसळाला लिंबाचा पाला बांधायचा, मधोमध जिवंत बेंडूक बांधायचा, दोघांनी ते मुसळ खांद्यावर घ्यायचं आणि "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत घरोघर जायचं. बाया वरून पाणी ओततात, सुपातून धान्य देतात. पोरांनी दोन दिवस नाला उकरला. एक बेंडूक मिळेना. आणि माझ्या रांजणातली बेंडकी तर अख्ख्या गावाला ठाऊक होती.

बाबा स्वतः माझ्याकडे आले. उकिडवे बसले. ते माझ्यासमोर कधी असे बसले नव्हते.

"दिवसभराची गोठ हाय. संध्याकायी सोडतेत तिले हिरीत. बेंडकाले कोनी मारत नाई, तुले मालूम हाय."

मला मालूम होतं. म्हणून मी दिली. आणि पोरं सुतळीनं आवळतील म्हणून मी माझ्या हातानं तिला बांधलं, मायच्या जुन्या लुगड्याची मऊ चिंधी घेऊन, पोटाखालून सैल वेढे देत. पाण्याचा तांब्या घेऊन मी धोंडीच्या मागे निघाले.

पहिली चार-पाच घरं नीट गेली. पाणी पडे, ती डोळे मिटून घेई, लोक हात जोडत. मला तर अभिमानच वाटायला लागला. मग पाटलाच्या ओट्यावरची म्हातारी म्हणाली, "हे बेंडूक वरडत काहून नाई? बेंडूक वरडल्याबिगर पाऊस कसा येईन?"

तिथून सगळं फिरलं. मुसळाचं पुढचं टोक चुलतभावाच्या खांद्यावर होतं. त्यानं मागं वळून तिला बोटानं दाबलं. ती गप्प. दुसऱ्यानं बाभळीचा काटा टोचला. ती गप्प. मी ओरडले, ती नाही ओरडत, ती कधीच ओरडत नाही, मी म्हणूनच तिला आणली आहे. कुणी ऐकलं नाही. सूर्य डोक्यावर आला होता. मी तांब्या ओतायला पुढे झाले तर चुलतभावानं मला ढकललं, तांब्या पडला, पाणी मातीनं पिऊन टाकलं.

मारुतीच्या पारापाशी त्यांनी मुसळ खाली ठेवलं. माझी चिंधी सोडली आणि सुतळीनं तिला पारावरच्या फांदीला एका पायानं उलटं टांगलं. चुलतभावानं लिंबाची ओली फोक तोडून घेतली. पारावर मोठी माणसं बसली होती. त्यांतलं कुणी उठलं नाही. बाबाही तिथेच होते. फोकेचे फटके मी मोजले नाहीत. पाय तुटला तो मी पाहिला, पोटाची कातडी फाटली ती पाहिली, आणि मग ती ओरडली. डराव नाही. तान्ह्या पोरासारखी, लांब, बारीक किंकाळी.

"वरडली!" पोरं नाचायला लागली. "वरडली रे! धोंडी धोंडी पाणी दे!" पारावरच्या माणसांनी मारुतीकडे वळून हात जोडले.

मी मुसळ उचललं. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला मुसळ उचलत नाही म्हणतात, मला उचललं. पहिला घाव चुलतभावाच्या तोंडावर बसला. दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मला बरं वाटलं. हे मी आज सत्तर वर्षांनीही नाकारणार नाही, मला बरं वाटलं. दुसरा घाव त्याच्या खांद्यावर, तिसरा जमिनीवर. तो रक्त थुंकत पडला होता. मला धरायला माणसं उठली तोवर मी सुतळी तोडून तिला ओंजळीत घेतलं होतं आणि मळ्याच्या वाटेला लागले होते. चुलतभावाचे समोरचे तीन दात गेले. पुढे जन्मभर तो तोंड मिटून हसे.

थारोळ्याच्या तळाशी हातभर पाणी उरलं होतं. मी तिला त्यात सोडलं. ती बुडाली नाही, पोहली नाही, उलटी तरंगू लागली. उरलेला पाय एकदा ताणला गेला. गळा हलत होता, पोटातलं बाहेर आलेलं पाण्यात पसरत होतं. मी तिला बाहेर काढलं, काठाच्या दगडावर सरळ ठेवलं, परत उलटी झाली. मी तिच्याशी बोलले, काय बोलले ते आठवत नाही. गळा हलतच राहिला. मुंग्या आल्या. मी पुसल्या, आणखी आल्या.

मग मी थारोळ्याच्या काठचा एक दगड उचलला. हात इतके कापत होते की पहिला घाव चुकला, नुसता तिच्या डोक्याला लागून घसरला. दुसरा नीट बसला.

मागे बाबा उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. मला वाटलं, आता माझी कातडी सोलणार. पण त्यांनी माझ्या हातातला दगड काढून घेतला, थारोळ्यातलं पाणी ओंजळीनं घेऊन माझे हात धुतले, एकेक बोट चोळून धुतलं. मग माझी दोन्ही मनगटं त्यांच्या खरबरीत हातांत धरून ठेवली, थरथर थांबावी म्हणून.

"पयल्या खेपेले हात थरथरतेच," ते म्हणाले. "मंग नाई थरथरत."

इतक्या मायेनं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी वाकून त्यांच्या हाताला चावले, रक्त तोंडात येईस्तोवर चावले. त्यांनी हात ओढून घेतला नाही.