अहल्याबाईंची छापील पलटण

उज्जैनच्या माधव नगरातल्या अहल्या दफ्तरदार मुलींच्या सरकारी शाळेत चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि सहा महिन्यांत त्यांच्या जेवणाच्या टेबलावर फौज उतरली. सैनिक प्लास्टिकचे, करंगळीच्या पेराएवढे; पण प्रत्येकाला मिशी होती आणि एकाची मिशी दुसऱ्यासारखी नव्हती. बेडकाच्या नसा मुलींना सोडवून दाखवण्यात हात बसलेला, त्यामुळे तीन केसांचा ब्रश त्यांना जड गेला नाही. यजमान मधुकरराव ताट मांडीवर घेऊन जेवायला शिकले. त्यांची तक्रार एकच होती, की एकदा वरणात घोडा निघाला.

या नादाची सुरुवात भिंगाच्या दिव्यापासून झाली. शिवणासाठी दिवा शोधता शोधता बाई एका वेबसाइटवर पोचल्या. तिथं स्कॉटलंडचा डंकन नावाचा कुणी पेन्शनर घोड्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका कसा द्यायचा ते तीन पानं समजावत होता. बाईंनी तीनही पानं वाचली. मग तशा आणखी साइट धुंडाळल्या आणि शिक्षकी सवयीनं एका उरलेल्या प्रॅक्टिकलच्या वहीत त्यांना गुण दिले. रंगांची माहिती देणारी: ‘ज्ञान उत्तम, जाहिराती फार. दहापैकी सात.’ कागदी किल्ले आणि घरं छापून कापायला देणारी: ‘फुकट, आणि फसवणूक नाही. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी. नऊ.’ फासे टाकून लढाई खेळण्याच्या नियमांची: ‘चौसष्ट पानं. लेखकाला घरात कुणी बोलू देत नसावं. पाच.’ आणि डंकनच्या मंडळींची: ‘माणसं सभ्य. चूक दाखवली तर आभार मानतात. दहा.’

या दहा गुणांच्या साइटवर बाईंनी ‘राणा टिग्रिना’ हे नाव घेतलं होतं. तिथंच त्यांनी एका पहिल्या एप्रिलला एक अख्खी पलटण जन्माला घातली.

शहराजवळच्या भैरवगढला लाकडी ठशांनी छापतात त्या कापडावरची बुट्टी त्यांनी बत्तीस सैनिकांच्या अंगरख्यांवर उतरवली, प्रत्येकावर वेगळी. खाली इंग्रजीत माहिती लिहिली, की ही उज्जैनची छापील पलटण. गणवेश एकसारखा नसल्यानं हिच्यातले लोक एकमेकांना ओळखत नसत आणि शत्रू येण्याआधीच आपसांत लढून मोकळे होत. पलटणीचा कारभारी कुणी दफ्तरदार होता, तो ऐन लढाईत जेवायला बसला होता. शेवटी एक ओळ होती: आजची तारीख पाहावी. डंकननं तारीख पाहिली आणि तेवढ्याच गंभीरपणे विचारलं, जेवणात काय होतं? बाईंनी कळवलं, दाल-बाफले, म्हणजे वरण आणि कणकेचे भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले. ते खाल्ल्यावर माणूस लढाईसाठीसुद्धा उठत नाही.

दोन वर्षांनी त्यांचे धाकटे दीर यज्ञेश्वर शहरातल्याच फ्रीगंजातून आले. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, पण बोलताना दोनशे वर्षं मागे जाऊनच बसायचा. आपले पूर्वज शिंद्यांच्या पदरी होते, हे त्यांनी रिक्षावाल्यांनाही ऐकवलेलं होतं. मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं आणि पडद्यावर दाखवायला जुन्या फौजांची चित्रं हवी होती. बाईंनी वहीतली यादी उतरवून दिली.

चार दिवसांत यज्ञेश्वरांचा फोन आला. आवाज चढलेला. डॉक्टर राणा म्हणून कुणी राजपूत संशोधक आहेत, त्यांनी आपल्या पूर्वजाचा पत्ता लावलाय, एकदम पक्की खबर. बाईंच्या पोटात हसू उसळलं, पण त्या भल्या मनानं म्हणाल्या, भाऊजी, त्या पलटणीबद्दल मला थोडं सांगायचंय.

“वहिनी, हा इतिहास आहे,” यज्ञेश्वर म्हणाले. “बेडकांचं काही असतं तर तुम्हालाच विचारलं असतं.”

बाईंनी फोन ठेवला. मधुकररावांना सगळं सांगितलं आणि बजावलं, की यज्ञेश्वरला एक शब्द बोलायचा नाही. व्याख्यानाला आपण पहिल्या रांगेत बसायचं.

पहिला अर्धा तास यज्ञेश्वर खरोखर छान बोलले. घोडदळ, तोफा, छावण्या, सगळं मुखोद्गत. मग पडद्यावर छापील पलटण आली आणि त्यांनी छाती काढून कारभारी दफ्तरदारांची ओळख करून दिली. आपसातली मारामारी त्यांनी गाळली. जेवणही गाळलं. बाई पदराआड हसत होत्या, मधुकरराव छताकडे पाहत होते. एवढ्यात यज्ञेश्वरांनी जाहीर केलं, की शाळेच्या मुलांसाठी शहराची पुस्तिका निघतेय, त्यात हा धडा ते स्वतः लिहिणार आहेत.

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. आपल्या माणसांत दिराची फजिती ठीक होती. मुलांच्या पुस्तकात खोटं जाणं त्यांना चालणार नव्हतं. त्या उभ्या राहिल्या.

“भाऊजी, राणा टिग्रिना हे बेडकाचं शास्त्रीय नाव आहे. ही पलटण मी रचली, पहिल्या एप्रिलला. धड्यात घालू नका.”

 मग मागच्या रांगेत बाईंची कुणी जुनी विद्यार्थिनी खुदकन हसली आणि तिच्यामागून सगळेच. यज्ञेश्वर कागद गोळा करू लागले.  दिराच्या अशा फजितीची मजा बाईंनी चार दिवस मनात चाखली होती. आता ती काही गोड लागेना. त्या पुढे म्हणाल्या, की पहिल्या अर्ध्या तासातलं यांचं अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि फोनवर आपण नेट लावून सांगायला हवं होतं, ती चूक आपली. यज्ञेश्वरांनी पाणी मागितलं, प्यायले आणि कुणाकडे न पाहता निघून गेले.

पंधरा दिवस ते फिरकले नाहीत. सोळाव्या दिवशी आले ते फुलस्केप कागद घेऊन. यादीतल्या सगळ्या साइट त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या होत्या आणि डंकनच्या मंडळींनी मराठी फौजेबद्दल लिहिलेल्या खऱ्या मजकुरात अकरा चुका काढल्या होत्या. त्या कळवायच्या म्हणजे तिथं नाव नोंदवावं लागणार. बाईंनी साळसूदपणे सुचवलं, पेरिप्लानेटा घ्या, भारदस्त वाटतं. यज्ञेश्वरांनी खिशातून मोबाइल काढला, अर्थ शोधला, झुरळाचं चित्र पाहिलं आणि वहिनींसमोर धरलं.

“इतिहासात असं तपासून घेतात,” ते म्हणाले, आणि दोघंही हसली.

नाव त्यांनी स्वतःचंच घेतलं, आजोबांच्या नावासकट. आता दर शनिवारी दुपारी ते माधव नगरला येतात. ब्रशला हात लावत नाहीत, हात कापतो म्हणतात. फासे मात्र निर्दयपणे टाकतात. पगडीच्या एका पेचावरून डंकनशी त्यांचं दोन महिने भांडण चाललंय. ते हिंदी-मराठीत संतापतात आणि बाई त्याचं सभ्य इंग्रजी करून टाइप करतात. किती सभ्य, ते अजून यज्ञेश्वरांनी तपासलेलं नाही.