नॉर्मलची बाटली

"उजेडाला धरा," मामा म्हणायचे.

परीक्षानळीत काहीही असो, आणि आम्ही "हिरवं झालं!" म्हणून कितीही खात्रीनं ओरडलेलो असू, मामा एक डोळा बारीक करायचे आणि खिडकीकडे बोट दाखवायचे. "बर्नरपाशी समदंच तांबडं दिसतंय. खिडकीत जावा. उजेडाला धरा."

मामा म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजातल्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेचे शिपाई. गाव कवठे महांकाळच्या बाजूचं, घरची मेंढरं, शिक्षण चौथी. साठ सालानंतरची ही गोष्ट. मी साताऱ्याहून सांगलीच्या बाजूला शिकायला आलेली. वर्गात आम्ही मुली मोजून सहा. मामा आम्हाला 'अक्का' म्हणत आणि मुलांना 'गड्या'. सर इंग्रजीतून शिकवायचे. फळ्यावर रसायनांची चक्रं फिरत आणि त्यांच्यामागे आमची डोकी.

एकदा मी ग्लायकोजेन पाठ करत बसले होते. मामा नळ्या धुता धुता म्हणाले, "अक्का, घरात धान्याची कणगी असती का न्हाई? जादा आलं की आत टाकायचं, कमी पडलं की भाईर काढायचं. काळीज साकरंचं त्येच करतंय." काळीज म्हणजे मामांच्या बोलीत यकृत. पुस्तकाला हेच सांगायला चौदा पानं लागली होती.

प्रात्यक्षिकाला आम्हाला लघवीच्या बाटल्या मिळत. आत काय आहे ते आपण ओळखायचं. या बाटल्या मामा तयार करत. ग्लुकोजचा चमचा टाकला की झाला मधुमेह. खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं पित्त टाकलं की कावीळ. अंड्याचं पांढरं घोटून टाकलं की मूत्रपिंडाचा आजार. उरलेला बलक मामा चिनी मातीच्या बशीत बर्नरवर परतून भाकरीशी खात. "पांढरं शास्त्राला, पिवळं मला," असा त्यांचा सरळ हिशेब होता.

एका बाटलीत मात्र ते काहीच घालत नसत. ती 'नॉर्मल'. मुलांना फसवायला ठेवलेली. ती खुद्द मामांची असे आणि तिचा त्यांना कोण अभिमान! "मेंढरामागं रान तुडवल्यालं शरीर हाय, अक्का. ह्यात काय बी घावायचं न्हाई."

पहिल्या खेपेला मी नापास झाले, कारण त्याच बाटलीत मला कावीळ सापडली. "अक्कांनी मला पिवळा केला," असं मामा पुढे सहा महिने सगळ्या कॉलेजला सांगत होते. इकडे वडिलांचं पत्र आलं होतं: या वेळी जमलं नाही तर सामान घेऊनच ये. कोरेगावचं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. मुलाचं भुसारी दुकान होतं. मुलगा वाईट नसेलही, पण मला डॉक्टर व्हायचं होतं. हे सगळं मी मामांना सांगितलं होतं.

दुसऱ्या खेपेला मला सात नंबरची बाटली आली. निळ्या औषधात आठ थेंब टाकून नळी उकळली. साखर नसेल तर निळं निळंच राहतं. माझं हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखं लाल. नळी धुतली, पुन्हा केलं. पुन्हा लाल. खिडकीत जाऊन पाहिलं. लालच. मी लिहिलं: साखर, भरपूर.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी खिशातली यादी काढली. "सात नंबर नॉर्मल आहे. साखर तुम्ही घरून आणलीत का?"

मी लाल नळी त्यांच्यापुढे धरली. "बदलायचं असेल तर बदला," ते म्हणाले. आता कोरेगाव मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी म्हटलं, "नाही सर. साखर आहे."

त्यांनी मामांना बोलावलं. "या बाटलीत काही घातलं होतं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "चुकलं सायेब. घाईत गुलकोजचा चमचा ह्या बाटलीत पडला आसंल."

मी पास झाले. आणि इतक्या वर्षांत ज्या माणसाच्या हातून एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती, त्याला आमच्या सरांनी सगळ्यांदेखत फाडफाड बोलून घेतलं.

संध्याकाळी व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "मामा, खरंच चुकलं तुमचं?"

"छ्या! माझ्या हातनं?" मामा हसले. "तुमीच घोळ घातला आसंल. गेल्या टायमाला कावीळ, औंदा साकर. पर वडील न्हेत्याली तुमास्नी, म्हून म्या आळ घेतला."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. "मामा, माझं बरोबर होतं! दोनदा केलं मी!"

"आवं, पर मग साकर आली कुठनं?"

मामा आत गेले, रिकामी बाटली घेऊन मोरीकडे वळले, परत आले आणि स्वतः बर्नर पेटवला. नळी लाल झाली. मामांनी ती खिडकीत धरली आणि एक डोळा बारीक केला.

मग एकदम हसत सुटले. "लय गंमत झाली की, अक्का! एवढी पोरं तयार केली, पर सोताची बाटली कवा तापवून बघितली न्हाई."

हसावं की रडावं मला कळेना. तो माणूस गेले दोन-तीन महिने तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता, वाळत चालला होता, आणि तेव्हा आम्ही शंभर जण त्याच खोलीत मधुमेहाची लक्षणं पाठ करत होतो. तुमच्याही नजरेसमोरून अशी माणसं गेली असतील.

मामा ती नळी घेऊन तसेच सरांकडे गेले. "सायेब, माझी चूक न्हवती. अक्कांचीबी न्हवती." सरांनी आपली सायकल काढली आणि मामांना मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेले.

गोळ्या सुरू झाल्या. बिनसाखरेच्या चहाला मामा शेवटपर्यंत शिव्या देत होते. निवृत्त होऊन गावी गेले तोवर मी सांगलीत दवाखाना थाटला होता. दर दोन-तीन महिन्यांनी ते एसटीनं यायचे आणि निळ्या औषधाची बाटली भरून न्यायचे. "सोतासाठी एवढं?" मी विचारलं. "समद्या गावाला तापवून बघतोय," ते म्हणाले. ज्यांचं लाल व्हायचं त्यांना माझ्याकडे पाठवत. हातात चिठ्ठी, चिठ्ठीत एकच शब्द: तांबडं.

एका सोमवारी त्यांच्या गावची पाच माणसं आली. प्रत्येकाच्या हातात बाटली, चिठ्ठी कुणाकडेच नाही. मी विचारलं, "मामांनी चिठ्ठी नाही दिली?"

त्यांतली म्हातारी म्हणाली, "मामा गेलं की वं बाई, पंधरा दीस झालं. म्हनून आमचं आमीच घिऊन आलो. त्येनी बजावलं हुतं, वर्साला एकदा बघून घ्याचं."

मी पाचही बाटल्या घेतल्या, आत जाऊन दार लावलं आणि आधी रडून घेतलं. मग बर्नर पेटवला.