भेगेवर सही कोणाची?

रिकामी सिमेंटची पोती आणि किस्से, या दोन गोष्टी साइटवर न मागता साठतात. पोती भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र आमच्याच गळ्यात राहतात. मग कधी दोघं जुने साइटवाले भेटले, चहा आला, की एक जण म्हणतोच, "अबे, देशकर साहेबांची गाडी आठवते काय?" झालं! तासभर कोणी उठत नाही.

तर देशकर साहेब. मूळचे वर्ध्याचे, नव्या रायपुरातल्या आमच्या साइटचे मॅनेजर. नवी राजधानी तेव्हा उभी राहत होती, रस्ते हे एवढाले रुंद आणि त्यावर माणूस एखादाच. साहेब मोठे प्रेमळ, पण सही करायची म्हटलं की त्यांना पेन सापडायचं नाही. आणि सही लागायची नेमकी एकाच गोष्टीसाठी: काँक्रीटची फरशी कापायची की नाही?

बाहेरच्याला हसू येईल. पण काँक्रीट वाळताना आकसतं आणि आकसलं की तडकतं. म्हणून ओतल्यावर दुसऱ्याच दिवशी कटर मशीननं त्यात सरळ खाचा पाडायच्या. याला म्हणतात कंट्रोल जॉइंट. भेग पडायचीच आहे, तर ती त्या खाचेत गुपचूप पडावी, एवढीच अपेक्षा. उशीर केला की भेग आपली वाट आपण शोधते.

साहेबांना हे सगळं तोंडपाठ होतं. तरी म्हणायचे, "नव्या साडीले पहिल्याच दिवशी कोणी कात्री लावते काय?"

*

पहिला मान पार्किंगचा.

"साहेब, कापायचं ना?" मी विचारलं. मी तिथं साइट इंजिनिअर होतो.

"पाहू ना. घाई काहून करून राहिला?"

पाहता पाहता आठवडा गेला. भेग पडली ती कुठं? बरोबर साहेबांच्या गाडीच्या जागेवर, मधोमध, गाडीएवढीच लांब!

साहेबांनी तोडगा काढला. गाडी भेगेवर उभी केली आणि पुन्हा हलवलीच नाही. त्या दिवसापासून ते रायपुरातल्या तेलीबांध्याच्या घरून सुपरवायझर वानखेडेच्या मोटारसायकलवर मागं बसून यायचे, मांडीवर डबा. अभनपूरला भाचीच्या लग्नाला बसनं गेले. गाडीखाली कुत्रीनं दोनदा पिल्लं घातली.

"गाडी बिघडली काय, साहेब?" कोणी विचारलं की म्हणायचे, "नाही रे, ड्युटीवर आहे."

*

कँटीनच्या वेळी मात्र साहेब राजी झाले. अट एकच: "कापा, पण हलक्या हातानं. त्याले लागलं नाही पाहिजे."

कटरवाला साहू जवळच्याच गावातला. त्यानं बिचाऱ्यानं आज्ञा पाळली आणि नखानं ओरखडावं तेवढीच खाच पाडली. चार दिवसांनी भेग आली. खाचेच्या शेजारून, वीतभर अंतर ठेवून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सोबतीनं चालत गेली!

वानखेडे कंबरेवर हात ठेवून पाहत राहिला. "साहेब, भेग म्हणून राहिली, रस्ता झकास केला, पण मी आपली कच्च्यातूनच जातो."

साहेब दोन दिवस कँटीनमध्ये जेवले नाहीत.

*

मग साहेब एकदा रजेवर असताना वानखेडेनं आणि मी कॉरिडॉर उरकून घेतला. खाचा खोल, सरळ, वेळेवर. फरशी अशी झाली की आम्ही येता-जाता उगाच तिच्यावरून फेऱ्या मारायचो.

पुढच्या आठवड्यात रायपूरच्या मुख्य कचेरीतले चीफ साहेब तपासणीला आले. कॉरिडॉरमध्ये थबकले.

"देशकर जी, ये दरारें इतनी सीधी कैसे हैं?"

साहेबांनी घाम पुसत सगळं समजावलं. चीफ साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मतलब, आपने खुद करवाई हैं?"

त्याच दिवशी सगळ्या खाचा सिमेंटनं बुजवाव्या लागल्या. वर चीफ साहेब जाताना पार्किंगकडं बोट दाखवून म्हणतात, "वो देखिए! एक लाइन नहीं है. ऐसा काम कीजिए!"

संध्याकाळी साहेब माझ्याजवळ येऊन बसले. "समजलं काय तुले? भेग आपोआप पडली तर कोणाची सही नसते. कापली की आपली सही. मी काही वेडा नाही रे, सही न करणारा." मला त्यांचा राग यायचा तो त्या दिवशी गेला.

*

शेवटचं काम मोठ्या हॉलचं. साहेबांची रिटायरमेंट जवळ आली होती आणि निरोपसमारंभ याच हॉलमध्ये ठरला होता. साहेबांच्या मिसेस, आमच्या काकू, त्यांना घरी रोज ऐकवत, "जन्मभर फरशा केल्या म्हणता, मले एक तरी धड दाखवा." साहेबांनी आम्हाला हे हसत सांगितलं, पण त्यांना ते लागलेलं होतं.

हॉलचं काँक्रीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कापायचं. आम्ही गेलो तर कटर मशीन धुऊनपुसून, टिळा लावून, हार घालून बसलेली! पुढं नारळ आणि गूळ घातलेला चिला, म्हणजे आपलं धिरडं.

"आज हरेली आय साहब," साहू म्हणाला. "आज औजार नइ चलय."

छत्तीसगडात हरेलीला नांगर, कुदळ, सगळ्या अवजारांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती. यावर बोलणार कोण? मी साहेबांकडं पाहिलं. न कापायला इतकं पवित्र कारण त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. सहीसुद्धा नको!

वानखेडे कुजबुजला, "साहेब, काँक्रीटले हरेली समजते काय?"

साहेबांनी हार घातलेल्या मशीनला हात जोडले. मग साहूला म्हणाले, "आपकी पूजा हो गई ना? आप मत चलाओ. हमारे औजार दसहरे में छुट्टी लेते हैं. हम चलाएँगे."

साहूनं विचार केला. "हव साहब. फेर पनही उतार के."

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हारासकट मशीन चालू केली. पाण्याचा चिखल उडतोय, झेंडूच्या पाकळ्या उडतायत आणि अनवाणी मॅनेजर फरशी कापतोय! सेफ्टी ऑफिसर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पहिली रेघ जराशी वाकडी गेली. बाकीच्या सगळ्या सरळ.

भेग पडली नाही. म्हणजे पडली, पण खाचेत.

निरोपाच्या दिवशी काकूंनी चपला दाराशी काढल्या आणि हॉलभर हिंडल्या. परत आल्या तेव्हा पदर डोळ्यांना होता. तेवढ्यात चीफ साहेब आले. खाली पाहून थबकले.

"ये लाइनें किसकी हैं?"

मी तोंड उघडणार, तोच साहेब म्हणाले, "मेरी हैं, सर. मैंने काटी हैं. वो टेढ़ीवाली भी."

चीफ साहेब स्टेजकडं वळले. शेवटच्या दिवशी तरी काय बोलणार होते म्हणा!

समारंभ संपला. साहेब आणि काकू गाडीत बसले. पण इतके महिने ड्युटीवर असलेली गाडी चालू होईना! मग आम्ही सगळे ढकलायला लागलो. साहू आला, वानखेडे आला, गळ्यातला हार सावरत खुद्द चीफ साहेबांनीही हात लावला. गाडी हलली, दोन हात पुढं गेली आणि चीफ साहेब खाली पाहत जागीच उभे राहिले.

"देशकर जी! और ये किसकी है?"

साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मागं वळून भेगेकडं अगदी निवांत पाहिलं.

"ये? ये तो भगवान की है, सर."

चीफ साहेबांनी चटकन हात जोडले आणि भेगेला लांबून वळसा घालून आपल्या गाडीकडं गेले.